तुमच्या शब्दाबाहेर आम्ही नाही

नांदेड,
दसरा, दि. १२ ऑक्टोबर २०२४

ती. इंदूताईस,
शरदचा शि. सा. न. वि. वि.

पत्रात आपट्याची दोन पानं घातली आहेत. पोस्टात त्यांचा चुरा झाला तर चुऱ्यालाच सोनं समज.

मुख्य बातमी अशी, की आज मुहूर्तावर आम्ही लॅपटॉप घेतला. पाटबंधारे खात्यातली सगळी नोकरी दुसऱ्याच्या टेबलावरचा कॉम्प्युटर लांबून बघण्यात गेली. आता निवृत्तीनंतर स्वतःचा आला. चैन म्हणून घेतलेला नाही. पुढच्या रविवारी, वीस तारखेला, आपल्या उर्वीच्या लग्नाची बोलणी आहेत. धर्माबादचे गुंडेराव वकील आणि कमलाबाई तिकडून, मुलगा राघवेंद्र हैदराबादहून आणि त्याचे काका बंगळूरहून, असे सगळे एकाच वेळी व्हिडिओ कॉलवर यायचे आहेत. मोबाइलवर एवढी माणसं दिसत नाहीत, नुसती नाकं दिसतात. व्याह्यांसमोर ते बरं नाही, असं शकूचं मत पडलं. मुलांनी एकमेकांना पसंत केलंच आहे, आता मोठ्यांचं जमलं की झालं.

लॅपटॉपची यथासांग पूजा केली. झाकणावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळदीकुंकू वाहिलं, शेजारी नारळ फोडला. पेढा कुठं लावायचा, असं शकूनं विचारलं. कीबोर्डाच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रांची जाळी आहे, आवाज तिथून येतो. मी म्हटलं, बोलतो तिथून म्हणजे तोंड तेच. मग दोन्ही जाळ्यांना पेढा लावला. वरचं प्लास्टिक काढलेलं नाही. आपल्या फ्रिजचंही अजून काढलेलं नाही आणि फ्रिज उत्तम चालतो.

दुकानात आवाज खणखणीत होता, घरी जरा मवाळ वाटतो. नवीन आहे, रुळेल. तुझ्या कानाचं यंत्र शिट्टी मारायचं थांबलं का? उर्वीला आशीर्वाद. तुझ्याकडे राहते म्हणून आम्हाला घोर नाही.

लोभ आहे तो राहावा, रागावणं तेवढं कमी व्हावं.

तुझा,
शरद


लातूर,
दि. १६ ऑक्टोबर २०२४

चि. शरद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोन्याची भुकटी पोचली. देवापुढं ठेवली, तिथून ती केरात गेली.

यंत्राला पेढा भरवणारा माणूस खात्यातून सुखरूप निवृत्त झाला याचं मला नवल वाटतं. पुढच्या दसऱ्याला त्याला पान-सुपारीही दे.

माझं कानाचं यंत्र शिट्टी मारतंच आहे. फोनवर तर माणसं आडातून बोलल्यासारखी वाटतात, म्हणून फोन मी शकू-उर्वीच्या गप्पांसाठी सोडला आहे आणि तुझ्यासाठी पोस्ट धरलं आहे. पत्राचा एक फायदा असा, की त्याला नुसती मान हलवून उत्तर देता येत नाही. तुला लहानपणापासून ती खोड आहे. गुरुजींनी समजलं का विचारलं की मान हलवायचास आणि घरी येऊन मला विचारायचास.

आता कामाचं. उर्वीला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत आता प्रमुख केलं आहे. चाकूरकडची शेतकरी मंडळी पिशव्यांतून माती घेऊन येतात आणि मॅडमच बघू द्या म्हणून बसून राहतात. पोरगी घरी येते तेव्हा नखांत माती असते आणि चेहऱ्यावर समाधान असतं. नोकरी सोडणार नाही, हे तिनं मला साफ सांगितलं आहे, तुलाही सांगितलं आहे म्हणते. तेव्हा रविवारी पहिलं वाक्य तेच बोल. दुसरं वाक्य, मुलीच्या आत्याला कमी ऐकू येतं. हे वयामुळं आहे, घराण्यात नाही, तरी आधीच सांगितलेलं बरं. लपवलेली गोष्ट लग्नात पंगतीला येऊन बसते.

शकूला आशीर्वाद. तुमच्यावर माया आहेच, ती वाढवायची की नाही हे रविवारनंतर ठरवीन.

तुझी,
इंदूताई


नांदेड,
रविवार, दि. २० ऑक्टोबर २०२४

ती. इंदूताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण धीर धरवत नाही म्हणून लिहितो. बोलणी फार उत्तम झाली.

चित्र इतकं स्वच्छ होतं, की गुंडेरावांच्या मागच्या कॅलेंडरवरची एकादशी वाचता येत होती. आवाज मात्र आला नाही. सुरुवातीला घशात बेडकी बसल्यासारखा थोडा खरखरला, मग तेही बंद झालं. आमचं बोलणं त्यांना ऐकू जात होतं, त्यांचं आम्हाला येत नव्हतं.

तू म्हणशील, मग सांगायचं. ताई, मुलीच्या बापानं व्याह्यांना सारखं काय म्हणालात, काय म्हणालात असं विचारायचं कसं? त्यातून ते वकील. लगेच मनात नोंद करतील, की या घरात कानाचं दुखणं दिसतं. तुझं आम्ही त्यांना अजून कळवलेलं नाही. रागावू नकोस, साखरपुडा झाला की सांगणारच होतो. शकूनं हळूच विचारा म्हणून सुचवलं होतं, पण मी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

तरी सगळं व्यवस्थित निभावलं. गुंडेरावांना भरघोस मिश्या आहेत. त्या हलत होत्या तोवर मी ऐकत होतो. त्या थांबल्या की मी मान हलवत होतो. मधूनमधून हो हो, अगदी बरोबर, असंही म्हणत होतो. ते हसले की आम्ही हसलो. एकदा कमलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला, तेव्हा शकूनंही लावला. शेवटी गुंडेराव बराच वेळ काही बोलले आणि माझ्याकडे पाहत थांबले. प्रसंग मोठा दिसत होता. मी हात जोडून म्हणालो, की तुमच्या शब्दाबाहेर आम्ही नाही. सगळे फार खूश झाले. काकांनी तर तिकडे बंगळूरला पेढा तोंडात टाकला.

साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर घ्यायचा असावा, कारण त्यांनी बोटानं कॅलेंडर दाखवलं. उद्या लॅपटॉप दुरुस्तीला नेतो.

असाच जीव लावत राहा.

तुझा,
शरद


लातूर,
दि. २५ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही हं हं म्हणता, म्हणून आत्यासारखं लिहून पाठवते.

काल राघवेंद्रचा फोन आला होता. तो आनंदात होता. त्यानं सांगितलं, की लग्नाआधी मी नोकरीचा राजीनामा द्यायचा आणि लग्नानंतर धर्माबादला त्याच्या आईजवळ राहायचं, त्यांचे गुडघे दुखतात, तो शनिवार-रविवार हैदराबादहून येत जाईल, हे तुम्ही मान्य केलं आहे. मला खोटं वाटलं. तो म्हणाला, की वकिलांनी वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारलं आणि तुम्ही दर वेळी हो म्हणालात, शेवटी हात जोडून शब्द दिलात.

मग आत्यानं मला तुमचं पत्र दाखवलं. लॅपटॉपचे स्पीकर खराब होते आणि तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही, हे मला कळलं. ते मी धरून चालते.

पण श्रावणात मी घरी आले होते तेव्हा आपण दोघं ओसरीत शेंगा फोडत बसलो होतो. नोकरी सोडायची अट असेल तर हे स्थळ नको, असं मी तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं. तेव्हाही तुम्ही मान हलवली होती. तेव्हा मध्ये लॅपटॉप नव्हता.

मला राघवेंद्र आवडला आहे. म्हणून जास्त वाईट वाटतं. आईला सांगा, दिवाळीला मी येणार नाही, मातीचे नमुने बरेच आले आहेत.

तुमची,
उर्वी


नांदेड,
दि. २८ ऑक्टोबर २०२४

ती. इंदूताईस,
शि. सा. न. वि. वि.

उर्वीचं पत्र आलं. तुझंही त्याआधी आलं होतं, पण बोलणी होऊन गेल्यावर. दोन्ही देवघरात ठेवली आहेत. शकू माझ्याशी बोलत नाही. पाय दाबला होता तो अजून दुखतो म्हणते.

लॅपटॉप नीट झाला. दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिला आणि म्हणाला, मामा, ह्याच्यात कुंकू हाय, नारळाचं पाणी हाय अन् काहीतरी गोड बी हाय. पेढा आहे असं मी सांगितलं. छिद्रांवर अर्धं प्लास्टिकही तसंच होतं. स्पीकर बदलावे लागले. कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं, की हळदीकुंकू वॉरंटीत बसत नाही. तसं आधी लिहून ठेवलं असतं तर आम्ही बेतानं वाहिलं असतं.

यंत्र सुधारलं, पण माझं काय करायचं? आता गुंडेरावांना कोणत्या तोंडानं सांगू, की तासभर तुम्ही बोलत होता आणि मी मिश्या बघत होतो? माणूस म्हणेल, हा एक तर लबाड आहे नाही तर वेडा. वरून तुझ्या कानाचंही निघेल. हातात आलेलं स्थळ जाईल, आणि पोरीला मुलगा आवडलेला आहे. दोन्हीकडून माझीच मान अडकली आहे.

तू तिच्या जवळ आहेस. जरा समजावून बघ, की लग्नानंतर हळूहळू सगळं मनासारखं करून घेता येतं. भाऊबीजेला मी येतोच आहे. समोरासमोर बोलीन.

तुझा आधार आहे, तो सुटू देऊ नकोस.

तुझा,
शरद


लातूर,
दि. ४ नोव्हेंबर २०२४

चि. शरद यास,
आशीर्वाद. अनेक उत्तम म्हणायची आज इच्छा नाही.

काल भाऊबीजेला येऊन गेलास. ओवाळलं, जेवलास, करंज्या बऱ्या झाल्या म्हणालास. उर्वी तुझ्यासमोर पाट घेऊन बसली होती. तू तिच्याशी बसच्या गर्दीवर बोललास, सोयाबीनच्या भावावर बोललास, माझ्या कुंडीतल्या कढीपत्त्यावरही बोललास. ती उठून आत गेली तेव्हा तू मला खुणेनं विचारलंस, की रागावली का. मला कमी ऐकू येतं, कमी दिसत नाही. रागावली आहे.

तुला समजावून सांगते. मला ऐकू येत नाही हे लपवायला तू स्वतः बहिरा झालास. मी तुला तसं कधी सांगितलं होतं? माझा कान माझा आहे, त्याची लाज मला नाही, मग तुला कशाची? चारचौघांत मी सरळ म्हणते, मोठ्यानं बोला, मला कमी ऐकू येतं. लोक मोठ्यानं बोलतात. एवढंच असतं ते. तुझं आम्ही त्यांना अजून कळवलेलं नाही, हे तुझ्या पत्रातलं वाक्य वाचून मात्र मला लागलं. ते लागलेलं अजून तसंच आहे.

आणि नंदीबैलाला निदान गुबूगुबू वाजलेलं ऐकू येतं. तू त्याच्याही पुढं गेलास.

लग्नानंतर हळूहळू मनासारखं करून घेता येतं, असं तू लिहिलंस. मला लग्नानंतर शाळेत नोकरी धरायला किती भांडावं लागलं, ते तू पाहिलं आहेस. तेव्हा तू लहान नव्हतास. उर्वीला मी ते समजावणार नाही.

येत्या रविवारी गुंडेरावांना कॉल लाव आणि सगळं सांग. तू बोलला नाहीस, तर मी शेजारच्या मुलीच्या मोबाइलवरून त्यांच्याशी बोलेन. मला पलीकडचं ऐकू येत नाही, म्हणजे ते थांबा म्हणाले तरी मी थांबणार नाही. विचार कर.

माया आहे म्हणून लिहिलं. नसती तर करंज्या बांधून दिल्या असत्या आणि गप्प बसले असते.

तुझी,
इंदूताई


नांदेड,
रविवार, दि. १० नोव्हेंबर २०२४

चि. उर्वीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

आज कॉल लावला. प्लास्टिक काढलं होतं. आवाज इतका साफ होता, की धर्माबादच्या कुकरची शिट्टी ऐकून तुझी आई आपला गॅस बंद करायला आत गेली.

गुंडेरावांनी साखरपुड्याची तारीख काढली होती. ती सांगायला लागले तेव्हा मी त्यांना थांबवलं. त्यांना म्हणालो, की मागच्या वेळी मला तुमचं एक अक्षर ऐकू आलेलं नाही. त्यांनी कोर्टात विचारावं तसं विचारलं, की मग तुमच्या शब्दाबाहेर आम्ही नाही, हे कशाच्या आधारावर म्हणालात. मी म्हटलं, तुमच्या मिश्यांच्या आधारावर. काका हसले. गुंडेराव हसले नाहीत. कमलाबाई म्हणाल्या, अवो भाऊ, मग तवाच सांगायचं न्हाई का. मी म्हटलं, माझ्या बहिणीला कमी ऐकू येतं, ते तुम्हाला कळू नये म्हणून मी विचारायला लाजलो. बहिणीचं सांगितलं नव्हतं ही चूक झाली. आता सांगतो, तिला कमी ऐकू येतं, आणि आमच्या घरात सगळ्यात जास्त तिलाच समजतं.

मग तुझं पत्र समोर धरलं. म्हणालो, की उर्वी नोकरी सोडणार नाही. लातूरहून हैदराबादला बदली झाली किंवा तिथं दुसरी नोकरी मिळाली तर बघू, पण घरी बसण्याची अट असेल तर आमचं नाही. गुंडेराव म्हणाले, की दिलेला शब्द असा फिरवता येत नाही. सवयीनं मान हलायला लागली होती, ती मी हातानं धरली. न ऐकता दिलेला शब्द होता, तो मी परत घेतो, असं म्हणालो.

नंतर ते बरंच बोलले. या वेळी मी सगळं ऐकलं. ऐकायला सोपं नव्हतं. राघवेंद्र त्याच्या चौकोनात बसून नुसता ऐकत होता. विचार करून कळवतो, असं म्हणून त्यांनी कॉल बंद केला.

श्रावणात ओसरीत तू सांगितलंस तेव्हा मला नीट ऐकू आलं होतं. स्थळ चांगलं आहे, पुढचं पुढं बघू, असं वाटून गेलं. त्यात तुला विचारायचं राहिलं. आता भीती वाटते ती याची, की मुलगा तुला आवडला होता आणि माझ्या आधीच्या हो मुळं आणि आताच्या नाही मुळं तो हातचा जातो की काय. आज जेवण गेलं नाही. आईनं मात्र संध्याकाळी माझ्याशी बोलायला सुरुवात केली.

तू काय ठरवशील ते कळव. आत्याला सांग, मोबाइल शेजारच्या मुलीला परत दे.

तुझे,
बाबा


लातूर,
दि. १४ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र कालच मिळालं. आत्यानं आधी वाचलं. आमच्या घरात सगळ्यात जास्त तिलाच समजतं, हे वाक्य तिनं मला मोठ्यानं वाचायला लावलं. तिला ऐकू आलं नाही म्हणून परत वाचायला लावलं.

पत्र येण्याआधी मंगळवारी संध्याकाळी राघवेंद्रचा फोन आला होता. मी प्रयोगशाळेतून निघतच होते. त्याच्या बाबांनी मधला मार्ग काढला आहे, असं तो म्हणाला. मी आता नोकरी सोडायची, वर्षभर धर्माबादला राहायचं आणि मग सगळ्यांनी बसून पुन्हा विचार करायचा. मी त्याला विचारलं, की तुला स्वतःला काय वाटतं. तो म्हणाला, बाबा म्हणतील तसं. मी म्हटलं, ते मला कळलं, पण तुला काय वाटतं. तो मग पुन्हा म्हणाला, की बाबांनी विचार करूनच सांगितलं असेल.

आवाज अगदी स्पष्ट येत होता. मी नाही म्हणून सांगितलं.

तेव्हा स्थळ तुमच्यामुळं गेलं असं समजू नका. तुम्ही रविवारी गप्प बसला असतात, तर हे मला लग्नानंतर कळलं असतं. मान हलवणारा एक माणूस मला जन्मानंच मिळाला आहे, लग्न करून दुसरा आणायची गरज नाही. आणि पहिल्याला या वयात बोलता येऊ लागलं आहे, ते ऐकायचं मला चुकवायचं नाही.

घरी आल्यावर न्हाणीत नळ सोडून मी बराच वेळ रडले. मुलगा खरंच चांगला होता. आत्या बाहेर भाजी निवडत होती, तिला काही ऐकू गेलं नसणार. बाहेर आले तेव्हा तिनं काही न विचारता माझ्यापुढं चहा ठेवला आणि अर्धी मेथी माझ्याकडे सरकवली.

रविवारी मी नांदेडला येते आहे. आईला सांगा, आणि तुम्ही जेवत जा.

माया आहे ती मला ठाऊक आहे, तरी अधूनमधून तोंडानं सांगत जावी, ही विनंती.

तुमची,
उर्वी